ठिणगीचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ : जॉन सीली टाउनसेंड

हवा ही विजेची उत्तम विसंवाहक आहे. उच्चदाब वीजवाहिन्यांच्या उघड्या तारा मनोऱ्यांवरून शेकडो किलोमीटर जातात आणि दोन तारांमध्ये हवेखेरीज कोणतेही आवरण नसते. मात्र विद्युत दाब एका मर्यादेपलीकडे वाढला, की हीच हवा क्षणार्धात वाहक बनते आणि ठिणगी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर आकाशात कडाडणारी वीज हे याच घटनेचे विराट रूप होय. हवेचा हा बांध नेमका कसा फुटतो, या प्रश्नाचे पहिले गणिती उत्तर देण्याचा मान आयर्लंडमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ सर जॉन सीली टाउनसेंड यांच्याकडे जातो. विद्युत अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातील एका गुणांकामुळे ठाऊक असते. त्या नावामागील व्यक्तीचे यश आणि तिच्या मर्यादा मात्र फारशा परिचित नाहीत.

गॉलवे ते केंब्रिज

टाउनसेंड यांचा जन्म ७ जून १८६८ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या शहरात झाला. त्यांचे वडील एडवर्ड टाउनसेंड हे तेथील क्वीन्स कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १८८५ मध्ये जॉन यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. गणितात त्यांनी विशेष प्रावीण्य मिळवले आणि १८९० मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी डब्लिनमध्येच गणिताचे अध्यापन केले.

१८९५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. केंब्रिज विद्यापीठाने त्या वर्षी प्रथमच अन्य विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश देण्यास सुरुवात केली. या योजनेतून कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये न्यूझीलंडहून आलेले अर्नेस्ट रदरफर्ड आणि आयर्लंडहून आलेले टाउनसेंड यांचा समावेश होता. प्रयोगशाळेचे प्रमुख होते जे. जे. थॉमसन. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण ज्या वायूतून जातात तो वायू विद्युतवाहक बनतो, असे थोड्याच दिवसांत दिसून आले. वायूमधून वीज कशी वाहते, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी संशोधकांच्या हाती एक नवे साधन आले.

टाउनसेंड यांनी मात्र प्रथम वेगळी वाट निवडली. विद्युत अपघटनातून नुकताच बाहेर पडलेला वायू विद्युतभारित असतो आणि बाष्पाच्या संपर्कात आल्यावर त्याचा ढग बनतो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी या ढगातील पाण्याचे वजन केले, त्यावरील एकूण विद्युतभार मोजला आणि तो किती वेगाने खाली येतो यावरून एकेका थेंबाचा आकार काढला. या तीन मापांवरून १८९७ मध्ये त्यांनी एका वायू-आयनावरील विद्युतभाराचे मूल्य काढले. ते आजच्या मान्य मूल्यापेक्षा बरेच कमी होते, तरी एका मूलभूत राशीचा प्रत्यक्ष मापनातून मिळालेला तो अगदी प्रारंभीचा अंदाज होता. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर केलेल्या सुप्रसिद्ध प्रयोगाचा उगम या ढगांच्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येतो.

ऑक्सफर्डमधील आव्हान

१९०० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने वायकेहॅम अध्यासन हे भौतिकशास्त्राचे नवे पद निर्माण केले आणि त्यावर टाउनसेंड यांची नियुक्ती झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. या पदावर ते १९४१ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ राहिले. सुरुवातीला त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळाही नव्हती. लंडनच्या ड्रेपर्स कंपनी या जुन्या व्यापारी संस्थेने दिलेल्या देणगीतून १९१० मध्ये विद्युत प्रयोगशाळेची इमारत उभी राहिली. ठिणगीच्या सिद्धांताचा पाया मात्र त्यापूर्वीच, तात्पुरत्या खोल्यांमध्ये रचला गेला होता.

त्या काळी ठिणगीविषयी एक महत्त्वाचा नियम ज्ञात होता. १८८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी दाखवून दिले होते, की दोन समांतर विद्युतअग्रांमध्ये ठिणगी पडण्यास लागणारा दाब हा वायूचा दाब आणि अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. अंतर दुप्पट केले आणि वायूचा दाब निम्मा केला, तर ठिणगीस लागणारा विद्युत दाब तोच राहतो. नियम मोजमापातून सिद्ध झाला होता. तो तसा का आहे, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हते.

टाउनसेंड यांचा प्रयोग वरकरणी साधा होता. एका बंद पात्रात त्यांनी धातूच्या दोन समांतर पट्ट्या बसवल्या, पात्रातील वायूचा दाब कमी केला आणि जस्ताच्या पट्टीवर जंबुपार किरण पाडले. या किरणांमुळे पट्टीतून थोडे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. विद्युत दाब वाढवत नेला, की प्रथम प्रवाह वाढतो आणि मग स्थिरावतो, कारण सुटलेले सर्व इलेक्ट्रॉन समोरच्या पट्टीवर पोहोचलेले असतात. दाब आणखी वाढवल्यावर मात्र प्रवाह पुन्हा वाढू लागतो. हे जादा इलेक्ट्रॉन कोठून येतात, हा खरा प्रश्न होता.

चक्रवाढ व्याजाचा हिशेब

टाउनसेंड यांचे उत्तर असे होते. विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉन वेग घेतो आणि वाटेत वायूच्या रेणूंवर आदळत जातो. दोन टकरींच्या दरम्यान त्याने पुरेशी ऊर्जा मिळवली असेल, तर तो रेणूतील एक इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. आता एकाचे दोन इलेक्ट्रॉन होतात. तेही वेग घेतात, पुन्हा आदळतात, दोनाचे चार आणि चाराचे आठ होतात. अशा दहा पिढ्यांत एका इलेक्ट्रॉनाचे एक हजाराहून अधिक, तर वीस पिढ्यांत दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन तयार होतात. डोंगरावरून सुटलेल्या बर्फाच्या लोंढ्याशी असलेल्या साम्यामुळे या प्रक्रियेला इलेक्ट्रॉनांचा हिमप्रपात असे नाव पडले.

या तर्काची कसोटीही त्यांनी घेतली. विद्युत क्षेत्राची तीव्रता तीच ठेवून पट्ट्यांमधील अंतर समान टप्प्यांनी वाढवले, की प्रवाह प्रत्येक टप्प्यास त्याच पटीने वाढला. मुद्दल आणि व्याज दोन्ही पुन्हा गुंतवावे, त्याप्रमाणे ही वाढ चक्रवाढ पद्धतीची होती. एका इलेक्ट्रॉनाकडून एक सेंटीमीटर वाटचालीत किती नव्या आयन-जोड्या निर्माण होतात, ती संख्या म्हणजेच टाउनसेंड यांचा पहिला गुणांक. १९०० आणि १९०१ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

तथापि, एवढ्याने ठिणगी पडत नाही. जंबुपार किरण बंद केले, की पहिला इलेक्ट्रॉन मिळत नाही आणि प्रवाह थांबतो. ठिणगी स्वतःच्या बळावर टिकायची असेल, तर प्रत्येक हिमप्रपाताने जाण्यापूर्वी पुढच्या हिमप्रपाताचे बीज पेरले पाहिजे. मागे उरलेले धन आयनही रेणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडत असावेत, असे टाउनसेंड यांनी मानले. पुढील संशोधनात असे आढळले, की हे बीज बहुतांशी ऋणाग्राच्या पृष्ठभागातून मिळते. तेथे धन आयन पोहोचले किंवा प्रकाशकण पडले, की नवे इलेक्ट्रॉन सुटतात. तपशील बदलला, तरी हिशेबाची मांडणी तीच राहिली. समजा, एका इलेक्ट्रॉनामागे एक हजार धन आयन तयार झाले आणि दर हजार आयनांमागे एकाने जरी ऋणाग्रातून नवा इलेक्ट्रॉन काढला, तरी साखळी अखंड राहते. बाहेरच्या मदतीची गरज संपते आणि वायूचा रोध कोसळतो. ठिणगीची अट प्रथमच एका समीकरणात मांडता आली.

पाशेन यांच्या नियमाचा उलगडाही यातूनच झाला. वायू फार दाट असेल, तर इलेक्ट्रॉन पावलोपावली आदळतो आणि त्याला ऊर्जा साठवण्यास अवधी मिळत नाही. वायू फार विरळ असेल, तर आदळण्यासाठी रेणूच पुरेसे नसतात. या दोन टोकांच्या मध्ये ठिणगी सर्वांत सुलभ असते. हवेसाठी ही किमान मर्यादा सुमारे ३३० व्होल्ट इतकी आहे. नेहमीच्या वातावरणीय दाबाला मात्र एक सेंटीमीटर हवेचा रोध मोडण्यास साधारण ३०,००० व्होल्ट लागतात.

सन्मान आणि शिष्य

१९०३ मध्ये टाउनसेंड यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली आणि १९१४ मध्ये त्यांना याच संस्थेचे ह्यूज पदक मिळाले. १९११ मध्ये त्यांचा विवाह मेरी जॉर्जियाना लॅम्बर्ट यांच्याशी झाला. मेरी यांनी पुढे ऑक्सफर्डच्या सार्वजनिक जीवनात मोठे स्थान मिळवले आणि शहराचे महापौरपद दोनदा भूषवले.

टकरीतून होणाऱ्या आयनीभवनाचा उपयोग इतर संशोधकांनी लवकरच करून घेतला. १९०८ मध्ये मँचेस्टर येथे रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी एकेक अल्फा कण मोजण्याचे उपकरण तयार केले. कणाने निर्माण केलेले थोडे आयन वायूतील टकरींमुळे हजारो पटींनी वाढतात, हे टाउनसेंड यांचे तत्त्व त्यामागे होते. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर गणकाची परंपरा येथून सुरू झाली.

अणुक्रमांकाचा अर्थ उलगडणारे तरुण शास्त्रज्ञ हेन्री मोसली यांनी ऑक्सफर्डला परतल्यावर आपल्या क्ष-किरण संशोधनाचा उत्तरार्ध टाउनसेंड यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण केला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, गॅलिपोली येथे मोसली मारले गेले. त्या युद्धकाळात टाउनसेंड यांनी ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेसाठी बिनतारी संदेशवहनाच्या पद्धतींवर काम केले. युद्धानंतर त्यांच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत अमेरिकेचे रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ होते. त्यांनी १९२८ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून लाखो व्होल्ट निर्माण करणारे विद्युत जनित्र बांधले. आजही अनेक विज्ञान केंद्रांत केस उभे करणारा धातूचा गोल मुले कुतूहलाने पाहतात. ते याच जनित्राचे रूप होय.

स्वतःच्या शोधाचा न उमगलेला अर्थ

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी टाउनसेंड आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. बेली यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. अरगॉन वायूत अगदी मंद गतीने जाणारे इलेक्ट्रॉन अणूंवर जवळजवळ आदळतच नाहीत. जणू वाटेत काहीच नसावे, तसे ते पार निघून जातात. जर्मनीत कार्ल रामसाउअर यांनीही स्वतंत्रपणे हेच पाहिले होते. इलेक्ट्रॉन म्हणजे लहानसा कठीण गोळा, या जुन्या कल्पनेत ही घटना बसत नव्हती. इलेक्ट्रॉनाला तरंगाचेही गुणधर्म असतात, हे क्वांटम यांत्रिकीने दाखवून दिल्यानंतरच तिचा उलगडा झाला. आज ती रामसाउअर-टाउनसेंड परिणाम या नावाने ओळखली जाते.

विसंगती अशी, की ज्यांच्या नावाने क्वांटम यांत्रिकीचा हा पुरावा ओळखला जातो, त्या टाउनसेंड यांना नवे क्वांटम भौतिकशास्त्र कधीच रुचले नाही. टकरी, वेग आणि मुक्तपथ यांच्या जुन्या चौकटीतच ते काम करत राहिले. १९१९ नंतर ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत फ्रेडरिक लिंडमन यांच्या नेतृत्वाखाली नव्या भौतिकशास्त्राला बळ मिळत गेले आणि टाउनसेंड यांची प्रयोगशाळा मुख्य प्रवाहापासून दूर पडत गेली.

त्यांच्या मूळ सिद्धांतालाही याच सुमारास आव्हान मिळाले. टाउनसेंड यांच्या मांडणीनुसार ठिणगी पडण्यापूर्वी अनेक हिमप्रपात एकामागून एक व्हावे लागतात आणि धन आयनांना ऋणाग्रापर्यंत प्रवास करावा लागतो. आयन जड असल्याने एक सेंटीमीटर अंतर कापण्यास त्यांना सेकंदाच्या एक लाखांश भागाहून अधिक वेळ लागतो. १९२० च्या दशकात आखेन येथील वॉल्टर रोगोव्स्की यांच्यासह काही संशोधकांनी वेगवान दोलनदर्शकांच्या साहाय्याने मोजमाप केले. वातावरणीय दाबाला ठिणगी त्याहून शंभर पटींनी कमी वेळात पडू शकते, असे त्यातून दिसले. इतक्या अल्प वेळात आयन ऋणाग्रापर्यंत पोहोचूच शकत नाहीत.

हे कोडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या सुमारास सुटले. जर्मनीत हाइन्झ रेदर यांनी मेघपेटीत एकेका हिमप्रपाताची छायाचित्रे घेतली. बर्कली येथील लिओनार्ड लोब आणि ब्रिटनचे जॉन मीक यांनीही स्वतंत्रपणे त्याच दिशेने विचार मांडला. एका हिमप्रपातातील इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे दहा कोटींवर गेली, की त्याचे स्वतःचे विद्युत क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राइतके प्रबळ होते. त्यातून निघणारा प्रकाश आसपासच्या हवेतून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतो, नवे हिमप्रपात त्याच्या टोकाकडे खेचले जातात आणि एक चमकती, बारीक वाहिनी वेगाने पुढे सरकते. तिला स्ट्रीमर म्हणतात. तिला आयनांची वाट पाहावी लागत नाही.

अंतर मीटरभर किंवा त्याहून अधिक असेल, तर आणखी एक टप्पा येतो. अनेक स्ट्रीमर ज्या मुळापाशी एकत्र येतात तेथील हवा हजारो अंशांपर्यंत तापते आणि एक उष्ण, सुवाहक वाहिनी तयार होते. तिला लीडर हे नाव आहे. आपल्या टोकाशी ती सतत नवे स्ट्रीमर सोडत पुढे जाते. त्यामुळे लांब अंतरात दर सेंटीमीटरला ३०,००० व्होल्टच्या कितीतरी पट कमी सरासरी क्षेत्रातही हवेचा रोध मोडू शकतो. ढगांमधील क्षेत्र या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी असूनही वीज जमिनीपर्यंत येते, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच आहे. ढगातून उतरणारी वाहिनी जवळ आली, की उंच झाडे, मनोरे आणि उघड्यावर उभ्या असलेल्या व्यक्तींपासूनही वर जाणाऱ्या वाहिन्या निघू शकतात. गडगडाट सुरू असताना झाडाखाली किंवा मोकळ्या शेतात थांबू नये, या सूचनेमागे हेच शास्त्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज कोसळून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. यावरून या विषयाचे गांभीर्य लक्षात यावे.

वादग्रस्त निवृत्ती

टाउनसेंड यांच्या कारकिर्दीचा शेवट सुखद झाला नाही. १९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि सैन्यदलांतील प्रशिक्षणार्थींना शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आली होती. टाउनसेंड यांनी हे काम करण्यास नकार दिला. विद्यापीठाने चौकशी केली आणि राजीनामा किंवा बडतर्फी असे दोनच पर्याय त्यांच्यासमोर उरले. त्यांनी पद सोडले. एकाच वर्षी राजसन्मान आणि विद्यापीठातून अशा रीतीने निरोप, असा हा दैवदुर्विलास होता. पहिल्या महायुद्धात आपले ज्ञान देशाच्या कामी आणणाऱ्या या शास्त्रज्ञाची निवृत्ती अशी व्हावी, ही बाब त्यांच्या चरित्रात सलत राहते.

निवृत्तीनंतरही त्यांनी लेखन थांबवले नाही. वायूंमधील इलेक्ट्रॉनांविषयीचे त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी ऑक्सफर्ड येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजचे मूल्यमापन

टाउनसेंड यांचा सिद्धांत चुकीचा ठरला, असे म्हणता येणार नाही. त्याची सीमा निश्चित झाली. वायू विरळ असेल किंवा अंतर लहान असेल, तेथे त्यांचे समीकरण आजही लागू पडते. दाट वायूत आणि मोठ्या अंतरात स्ट्रीमर आणि लीडर यांचा विचार करावा लागतो. पण त्यांचीही सुरुवात एका इलेक्ट्रॉनाच्या हिमप्रपातानेच होते. तो पहिला इलेक्ट्रॉन आपल्या सभोवती नेहमीच उपलब्ध असतो. अंतराळातून येणारे विश्वकिरण आणि जमिनीतील किरणोत्सारी द्रव्ये यांच्यामुळे जमिनीलगतच्या प्रत्येक घन सेंटीमीटर हवेत दर सेकंदाला काही आयन-जोड्या तयार होत असतात.

महानगरांमधील बंदिस्त उपकेंद्रांत हवेऐवजी सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू वापरला जातो, त्याचे कारणही टाउनसेंड यांच्या हिशेबातूनच समजते. हा वायू मोकळे इलेक्ट्रॉन स्वतःला चिकटवून घेतो आणि हिमप्रपात वाढण्यापूर्वीच खुंटतो. भारतात ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या कार्यरत आहेत आणि मध्य प्रदेशातील बीना येथे १,२०० किलोव्होल्टच्या चाचणी केंद्राचे काम २०१२ मध्ये सुरू झाले. अशा वाहिन्यांच्या तारा मनोऱ्यापासून किती दूर ठेवाव्यात, हे ठरवताना अभियंत्यांसमोर हवेचा बांध कोठे आणि कसा फुटेल हाच प्रश्न असतो.

१९६० च्या दशकात वायूतील विद्युत क्षेत्राची तीव्रता आणि रेणूंची घनता यांच्या गुणोत्तराच्या एककाला टाउनसेंड हे नाव देण्यात आले. या एककात मोजल्यास हवेचा रोध साधारण १२० टाउनसेंडला मोडतो. नव्या विचारांशी जुळवून न घेतलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव त्या विचारांवर वाढलेल्या विज्ञानाने अशा रीतीने जपले आहे. एका अदृश्य कणापासून डोळे दिपवणाऱ्या ठिणगीपर्यंतचा प्रवास मोजता येतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. विद्युत विसर्जनाचा अभ्यास आजही त्यांनी घालून दिलेल्या या पहिल्या पायरीपासूनच सुरू होतो.